पाण्याने भिजलेल्या घरात परत परत येणारी बुरशी : लक्षणे, तपासण्या आणि कुठे थांबावे

भिंतीवरची बुरशी पुसली, पुट्टी भरली, बुरशीरोधक म्हणून महागडा रंगही दिला आणि तरीही पुढच्या श्रावणात ती त्याच कोपऱ्यात उगवली, ही तक्रार चिपळूण परिसरात घरदुरुस्तीची कामे करताना मला दर पावसाळ्यात ऐकावी लागते. अशा घरात गेल्यावर दोनांपैकी एक गोष्ट हमखास सापडते : एक तर भिंतीत येणारे पाणी अजून थांबलेले नसते, किंवा पाणी थांबूनही भिंत पूर्ण वाळण्याआधीच तिच्यावर रंग चढवलेला असतो. म्हणून खालच्या क्रमात बुरशी साफ करणे बरेच उशिरा येते. आधी पाणी कुठून येते ते शोधायचे आहे, आणि त्या शोधाला सुरुवातीला जवळजवळ काहीच खर्च येत नाही.

लक्षणे

डाग दिसण्याआधी वास येतो. रात्रभर बंद असलेल्या खोलीचे दार सकाळी उघडताच कुबट वास आला, पंखा लावल्यावर तो गेला आणि पुन्हा दार लावताच परतला, तर भिंत स्वच्छ दिसत असली तरी कपाटामागे, गादीखाली, पीओपीच्या छताच्या वर किंवा लाकडी तक्त्यांच्या आत बुरशी असावी असे धरून चालावे. त्यानंतर चामड्याच्या चपला, पट्टे आणि पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर बुरा येऊ लागतो. भिंतीवर काळे, हिरवट किंवा करडे ठिपके दिसतात, ते ओल्या फडक्याने फासले जातात. रंग फुगून त्याचे पोपडे सुटतात. गिलाव्यावर पांढरी भुकटी जमते. लाकडी चौकट फुगून दार घट्ट होते. घरातल्या कोणाला दमा असेल किंवा ठरावीक खोलीतच शिंका, खोकला आणि डोळ्यांची खाज वाढत असेल, तर तेही लक्षणच समजावे.

कोविडच्या काळात, 2021 साली, म्युकरमायकोसिसला ‘काळी बुरशी’ हे नाव पडले आणि तेव्हापासून भिंतीवरचा काळा डाग पाहिला की लोक धसका घेतात. त्या आजारातला काळेपणा मृत पेशींचा असतो आणि भिंतीवरचे काळे ठिपके बहुतेक वेळा निराळ्याच बुरशींचे असतात, त्यामुळे या दोन गोष्टी एक समजू नयेत. याचा अर्थ भिंतीवरची बुरशी निरुपद्रवी आहे असाही नाही. नुसत्या रंगावरून ती किती त्रासदायक आहे हे घरी ठरवता येत नाही. म्हणून रंग कोणताही असो, उपाय तोच करावा.

सर्वांत आधी वीज

पुराचे किंवा गळतीचे पाणी स्विचबोर्डापर्यंत पोहोचले असेल, तर पुढची कोणतीही तपासणी करण्यापूर्वी मेन स्विच बंद असावा. मेन स्विचच ओला असेल किंवा त्याच्यापर्यंत जायला पाण्यातून जावे लागत असेल, तर त्याला हात न लावता वीज कंपनीला कळवून पुरवठा बाहेरून तोडून घ्यावा. बोर्ड वरून कोरडा दिसला तरी आतल्या डबीत चिखल आणि पाणी राहते. पूर ओसरल्यावर उघडलेल्या डब्यांमध्ये तांब्याच्या तारांची टोके हिरवी पडलेली आणि तळाशी गाळाचा थर बसलेला मी अनेकदा पाहिला आहे. वायरमनने तपासल्याशिवाय पुरवठा सुरू करू नये. ओल्या भिंतीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर घरगुती तपासणी तिथेच संपली असे समजावे.

पहिली तपासणी : बुरशी की क्षार

डागावर पाण्याचा एक थेंब टाकावा. पांढरी भुकटी थेंबात विरघळून नाहीशी झाली, तर तो क्षार आहे, म्हणजे भिंतीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याने विटांतले आणि सिमेंटमधले क्षार पृष्ठभागावर आणून सोडले आहेत. डाग विरघळला नाही, चिकट झाला किंवा फासला गेला, तर ती बुरशी असण्याची शक्यता जास्त. हा फरक महत्त्वाचा अशासाठी की क्षारावर बुरशीनाशक मारणे म्हणजे पैसे वाया घालवणे, आणि क्षार दिसत असेल तर पाणी भिंतीच्या आतून येत आहे हे आपोआप कळते. दोन्ही एकत्रही असतात, आणि तशी भिंत भिजत असल्याला बरेच दिवस झालेले असतात.

दुसरी तपासणी : डागाची जागा आणि वेळ

शिसपेन्सिलीने डागाच्या कडेने रेघ ओढावी, बाजूला तारीख लिहावी आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. दोन-तीन आठवड्यांत डाग कधी रेघेबाहेर गेला, तेवढे पाहावे. पावसाच्या सरीनंतर काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत तो गडद होत असेल, तर पाणी बाहेरून किंवा गच्चीवरून येते. पावसाची उघडीप असूनही तो तसाच ओला राहत असेल आणि मार्च-एप्रिलमध्येही वाळत नसेल, तर पाइप किंवा न्हाणीघर याकडे संशय वळवावा. वरच्या मजल्यावरचे लोक गावाला गेले की डाग फिका पडतो, ही तर न सांगता मिळालेली साक्ष असते.

जागाही बरेच बोलते. छताच्या मध्यावर गोल डाग असेल तर वर न्हाणीघर, मोरी किंवा गच्चीतली भेग असते. भिंत आणि छत मिळतात त्या कोपऱ्यात पट्टा असेल तर गच्चीचा कठडा पाहावा. खिडकीच्या खालच्या दोन कोपऱ्यांतून ओघळ उतरत असतील तर चौकटीभोवतीचा सांधा सुटलेला असतो. जमिनीपासून वर चढत साधारण मीटरभर उंचीवर थांबणारी ओल ही जोत्यातून वर चढलेली असते. कोकणातल्या जांभ्याच्या जुन्या घरांत ती फार दिसते, कारण जांभा सच्छिद्र असतो आणि जुन्या जोत्यांवर ओल अडवणारा थर नसतो. अशा जांभ्याच्या भिंतीला पूर्वी चुन्याचा गिलावा असे. तो भिंतीतली ओल बाहेर सोडत असे, आणि चुना अल्कधर्मी असल्यामुळे त्यावर बुरशीही सहज धरत नसे. त्याच भिंतीवर आता सिमेंटचा गिलावा, वर पुट्टी आणि प्लॅस्टिक रंग असे थर चढवले की ओल आत कोंडते, आणि मग ती गिलावा फोडून जागा मिळेल तिथून बाहेर येते.

तिसरी तपासणी : पाणी भिंतीतले की हवेतले

जाड प्लॅस्टिकचा वीतभर तुकडा भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद चिकटवून एक-दोन दिवस ठेवावा. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला, दव धरले तर ओल भिंतीतून येते. खोलीकडच्या बाजूला दव धरले आणि आतली बाजू कोरडी राहिली, तर खोलीतल्या हवेतच पाण्याची वाफ जास्त आहे आणि ती गार भिंतीवर साचते आहे. ही तपासणी टाळू नये, कारण यापुढे दोन वाटा फुटतात आणि त्यांच्या खर्चात हजारोंचा फरक पडतो.

हवेतल्या ओलीवरचे उपाय स्वस्त आहेत. कपाटे बाहेरच्या भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावीत, म्हणजे मागून हवा खेळते. खोलीत कपडे वाळत घालणे बंद करावे. पावसाळ्यात हे अवघड आहे याची मला कल्पना आहे, पण धुतलेल्या कपड्यांतले सगळे पाणी शेवटी त्याच भिंतींवर जाऊन बसते. स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात एक्झॉस्ट पंखा लावावा आणि काम संपल्यावरही थोडा वेळ चालू ठेवावा. आर्द्रता दाखवणारे छोटे यंत्र काही शे रुपयांत मिळते. खोलीतली आर्द्रता 60 टक्क्यांखाली ठेवण्याचा प्रयत्न करावा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात बाहेरचीच आर्द्रता बहुधा 80 टक्क्यांच्या वर असते, त्यामुळे संततधार चालू असताना खिडक्या सताड उघडून भिंत वाळत नाही. उघडीप मिळेल तेव्हा समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात आणि एरवी पंखा किंवा एसीचा ‘ड्राय’ मोड वापरावा. कपाटात डांबराच्या गोळ्या किंवा कापूर ठेवल्याने वास झाकला जातो, ओल कमी होत नाही. ओल शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडच्या पिशव्या बंद कपाटापुरत्या उपयोगी पडतात, खोलीला त्यांचा काही उपयोग नाही.

चौथी तपासणी : नळाचे पाइप

रात्री झोपताना सर्व नळ, वॉशिंग मशीन आणि फ्लशचे कॉक बंद करावेत, टाकीत येणारे पाणी थांबवावे आणि टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर खूण करावी. रात्रभर कोणी पाणी वापरले नाही आणि सकाळी पातळी खाली गेली, तर टाकी स्वतः झिरपते आहे किंवा तिच्या पुढचा पाइप गळतो आहे. नंतर एकेका लाइनचा कॉक बंद ठेवून तीच चाचणी केली की गळणारी लाइन हाती लागते आणि प्लंबरला पाच ठिकाणी भिंत फोडावी लागत नाही. सांडपाण्याच्या पाइपची गळती मात्र या चाचणीत कळत नाही, कारण त्यात पाणी भरून राहत नाही.

पाचवी तपासणी : घराच्या बाहेरून एक फेरी

पाऊस पडत असताना छत्री घेऊन घराभोवती फिरावे. कोरड्या दिवशी न दिसणाऱ्या गोष्टी तेव्हा दिसतात. सज्जावरचे पाणी पुढे पडण्याऐवजी खालच्या बाजूने भिंतीकडे वळते का, पन्हळ कुठे भरून वाहते, पावसाळी पाइपचा सांधा कुठे सुटला आहे, पागोळ्यांचे पाणी जोत्यापाशी साचते का, हे पाहावे. भेगेत पिंपळाचे किंवा वडाचे रोप दिसले तर ते नुसते उपटू नये. मूळ आत राहते आणि पुढच्या वर्षी भेग आणखी रुंद होते. मुळासकट काढता आले नाही तर भेग उघडून, मूळ मारून मगच ती भरावी. गच्चीवर पावसाळी पाइपच्या तोंडाशी पाने आणि प्लॅस्टिक अडकलेले असते, ते काढण्यासाठी कोणालाही बोलवावे लागत नाही आणि तेवढ्यानेच काही घरांतली गळती थांबते.

सहावी तपासणी : न्हाणीघर आणि गच्चीत पाणी कोंडणे

इथून पुढे मेहनत वाढते. वरच्या न्हाणीघरातल्या नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे फरशीवरचे पाणी जाण्याच्या जाळीखालच्या भांड्याच्या, तोंडावर वाळू भरलेली प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बसवावी, इंचभर पाणी भरून त्यात थोडा खाण्याचा रंग घालावा आणि एक दिवस ते तसेच ठेवावे. त्या काळात खाली डाग गडद झाला किंवा रंगीत पाणी उतरले, तर फरशीखालचे वॉटरप्रूफिंग गेले आहे. खाली काहीच झाले नाही, पण पिशवी काढून पाणी सोडल्यावर ठिपका उमटला, तर दोष ट्रॅपच्या सांध्यात किंवा पाइपमध्ये आहे. पहिल्या कारणासाठी फरशी उखडावी लागते, दुसऱ्यासाठी अनेकदा एकाच जागी काम भागते. म्हणून ‘सगळे फोडू या’ असे सांगणाऱ्याला आधी ही चाचणी करून दाखवायला सांगावे. फरशीच्या सांध्यांत पांढरे सिमेंट भरून घेणे हा तात्पुरता इलाज आहे. तो जमला तर उत्तमच, पण त्यावर विसंबून खालच्या घराला रंग देऊ नये.

गच्चीवरही पाणी कोंडून पाहता येते, पण ते स्वतःच्या जबाबदारीवर करू नये. चार इंच पाणी म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे 100 किलो भार होतो, आणि गंजलेल्या सळ्यांच्या जुन्या स्लॅबवर तो टाकावा की नाही हे इंजिनिअरनेच ठरवावे.

सहकारी गृहनिर्माण सोसायटीत खर्चावरून वाद होतो तो याच टप्प्यावर. आदर्श उपविधींनुसार गच्ची, बाहेरच्या भिंती आणि सामाईक पाइप यांतून होणारी गळती दुरुस्त करण्याचा खर्च सोसायटीचा असतो, तर सदस्याच्या शौचालयातून किंवा सिंकमधून होणाऱ्या अंतर्गत गळतीचा खर्च त्या सदस्याचा. पेन्सिलीची रेघ, तारखेचे फोटो आणि रंगीत पाण्याची चाचणी हाताशी असेल तर वरच्या मजल्यावरच्या काकांशी बोलणे बरेच सोपे जाते.

वाळवणे : सर्वांत जास्त टाळली जाणारी पायरी

पाणी साचल्यापासून 24 ते 48 तासांत वस्तू कोरड्या झाल्या तर बुरशी बहुधा धरत नाही. गळक्या नळाच्या बाबतीत हे जमते. पुराच्या बाबतीत जमत नाही, आणि ते मान्य करूनच पुढचे ठरवावे. चिपळुणात 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठी नदीचे पाणी घरांत शिरले, तेव्हा पुढे निम्म्याहून जास्त पावसाळा शिल्लक होता. अशा वेळी जे वाळणारच नाही ते घराबाहेर काढणे हाच उपाय उरतो. भिजलेल्या कापसाच्या आणि फोमच्या गाद्या, फुगलेले एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड, जिप्समचे तक्ते, पुठ्ठे यांचा मोह सोडावा. पुराच्या पाण्यात सांडपाणी मिसळलेले असते, त्यामुळे गादी उन्हात वाळली तरी ती वापरण्याजोगी होत नाही. सागवानी लाकूड, स्टील, काच आणि फरशी धुऊन वाचवता येतात. विमा असेल तर काहीही टाकून देण्याआधी फोटो काढून ठेवावेत. चिखल काढताना गमबूट आणि हातमोजे घालावेत आणि पायाला जखम असल्यास पाण्यात उतरू नये. नंतर ताप आला तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा आजार) शक्यता लक्षात घेऊन डॉक्टरांना पुराच्या पाण्यात उतरल्याचे आवर्जून सांगावे.

भिंतीच्या बाबतीत पाण्याची रेघ जिथे दिसते तिथे ओल थांबलेली नसते. ती गिलाव्यातून आणखी वर चढलेली असते. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने भिंत खालून वर ठोकत जावे. जिथे आवाज पोकळ येतो तिथला गिलावा सुटलेला आहे, तो पाडून भिंत उघडी ठेवावी. उघडी वीट किंवा उघडा जांभा दिसायला वाईट दिसतो, पण झाकलेल्या भिंतीपेक्षा लवकर वाळतो. दिवाळीला घर रंगवलेले असावे अशी सर्वांची इच्छा असते. जुलै-ऑगस्टमध्ये बुडालेल्या घराला मी तरी दिवाळीत रंग देत नाही, फार तर चुन्याचा हात मारून देतो आणि गिलावा-पुट्टी फेब्रुवारीनंतर करतो. भिंत वाळली का हे प्लॅस्टिकच्या तुकड्याची चाचणी पुन्हा करून पाहावे. दोन सुयांचे ओलमापक यंत्रही मिळते, मात्र क्षार असलेल्या भिंतीवर ते वाळलेल्या जागीही जास्त आकडा दाखवते.

लवकर वाळावे म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून ठेवण्याची पद्धत अजूनही दिसते. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो आणि त्याने झोपेत जीव जाऊ शकतो. गॅसची शेगडी पेटवली तर ज्वलनातून उलट पाण्याची वाफच तयार होते. पंखे, उघडीप आणि वेळ, किंवा भाड्याने मिळत असेल तर हवेतली ओल खेचणारे डिह्युमिडिफायर, यांवरच भिस्त ठेवावी.

साफ करणे आणि रंग

बुरशी दिसत असलेल्या भिंतीवर पंख्याचा झोत सोडू नये आणि ती कोरड्या ब्रशने घासू नये, कारण तिचे बीजकण घरभर उडतात. एन-95 मास्क, हातमोजे आणि चष्मा घालून, खोलीचे दार लावून, खिडकी उघडी ठेवून साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने ती पुसावी आणि फडकी पिशवीत बांधून टाकून द्यावीत. लहान मुले, गर्भवती, दम्याचे रुग्ण आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले लोक त्या वेळी खोलीत नसावेत. टाइल्ससारख्या कठीण पृष्ठभागावर धुतल्यानंतर एक लिटर पाण्यात सुमारे 60 मिलिलिटर घरगुती ब्लीच मिसळून लावता येते. गिलाव्यात आणि लाकडात ते खोलवर जात नाही, म्हणून तिथे त्याचा परिणाम वरवरचा राहतो. ब्लीचमध्ये शौचालय साफ करण्याचे आम्ल किंवा अमोनिया असलेले द्रव कधीही मिसळू नये; विषारी वायू तयार होतो, आणि लहानशा न्हाणीघरात तो जीवघेणा ठरू शकतो.

बुरशीरोधक रंग वाईट नसतात. स्वच्छ आणि कोरड्या भिंतीवर ते चांगले काम करतात. ओल्या भिंतीवर कोणताही रंग टिकत नाही.

कुठे थांबावे

बुरशीचा पट्टा साधारण तीन फूट बाय तीन फुटांपेक्षा मोठा असेल तर ती स्वतः काढू नये. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था घरगुती सफाईसाठी हीच ढोबळ मर्यादा सांगते. एसीच्या डक्टमध्ये किंवा पीओपीच्या छतावर बुरशी असेल, पाणी सांडपाण्याचे असेल, किंवा साफ करून, वाळवूनही ती परत आली असेल, तरीही जाणकाराला बोलवावे. घरातल्या कोणाला धाप लागत असेल तर भिंतीआधी डॉक्टर.

छतावर तपकिरी गंजाचे ओघळ, सळईच्या रेषेत गेलेल्या भेगा, काँक्रीटचे तुकडे पडणे किंवा स्लॅब खाली झुकल्यासारखा दिसणे, यांपैकी काहीही असल्यास रंगारी किंवा वॉटरप्रूफिंगवाला बोलावू नये, स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवावा आणि त्या खोलीत झोपू नये. मुंबईत 30 वर्षांपेक्षा जुन्या इमारतींना संरचनात्मक तपासणी कायद्यानेच बंधनकारक आहे. आपल्या इमारतीचा तो अहवाल सोसायटीकडे मागावा.

कंत्राटदार ठरवताना गळतीचे कारण कोटेशनमध्ये लेखी मागावे. भिंत न ठोकता आणि वरचे न्हाणीघर न पाहता चौरस फुटाचा भाव सांगणाऱ्याला काम देऊ नये. न्हाणीघराचे काम झाल्यावर फरशी बसवण्यापूर्वी पाणी कोंडून दाखवावे लागेल आणि शेवटचा हप्ता एक पावसाळा गेल्यावर मिळेल, या दोन अटी सुरुवातीलाच लिहून घ्याव्यात.